तिच्या नावाचं कार्ड

"काका, तुमची हिस्टरीच नाहीये," बँकेतली मुलगी म्हणाली.

मी छप्पन्न वर्षांचा माणूस. एकतीस वर्षं कवळ्या बनवतोय. दातांचे डॉक्टर तोंडाचा ठसा पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओततो, मेणात एकेक दात बसवतो, मग ते मेण काढून अ‍ॅक्रिलिक भरतो आणि घासूनपुसून चकचकीत करून देतो. आमच्या भागातले निम्मे म्हातारे माझ्या दातांनी जेवतात. आणि ही कालची पोर मला सांगते, तुम्हाला इतिहास नाही. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

"मॅडम, आयुष्यात कुणाचा एक पैसा बुडवला नाही मी."

"कर्ज घेतलंय कधी? फ्रिज, स्कूटर, हप्त्यानं काही?"

"कधीच नाही. पैसे जमले की वस्तू आणायची. नाही जमले तर त्या वस्तूवाचून कुणी मरत नाही."

"तेच तर ना काका. तुम्ही कधी घेतलंच नाही, मग परत करता की नाही हे कॉम्प्युटरला कळणार कसं?"

म्हणजे उधारी करत फिरणाऱ्याला पत, आणि सरळ जगला तो बिनपतीचा. मी आवाज चढवला. रांगेतले लोक माना वळवून बघायला लागले. मुलगी बिचारी शांत राहिली. तिनं पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला आणि समजावून सांगितलं. आधी एक क्रेडिट कार्ड घ्यायचं. पहिलं कार्ड असं सहजासहजी कुणी देत नाही, म्हणून बँकेत मुदत ठेव ठेवायची आणि तिच्या तारणावर कार्ड मिळवायचं. दर महिन्याला थोडं वापरायचं आणि सगळं बिल वेळेत भरायचं. सहा महिन्यांत नावावर स्कोअर तयार होतो. मग घराच्या कर्जाला या.

मी तीन कार्डांची तीन माहितीपत्रकं आणि घराच्या कर्जाचं एक, असे कागद घेऊन घरी आलो.

घर तिसऱ्या मजल्यावर. चोपन्न पायऱ्या आणि लिफ्ट नाही. लग्न झालं तेव्हा त्या पायऱ्या आम्ही गप्पा मारत चढायचो. आता बायकोचं हृदय दमलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जिने बंद, पण सपाट जागेवर रोज चालायचं, मोकळ्या हवेत बसायचं. एका खोलीत बसून राहिलात तर आहे ती ताकदही जाईल. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला ही दोन्ही औषधं एकदम कशी द्यायची, ते काही त्यांनी लिहून दिलं नाही. तपासणीला न्यायचं म्हणजे दोन हमाल बोलवायचे, तिला खुर्चीवर बसवायचं आणि खुर्ची उचलून खाली आणायची. तेवढा वेळ ती डोळे गच्च मिटून घ्यायची. म्हणायची, "सगळी बिल्डिंग बघते हो. कपाट उतरवल्यासारखं उतरवतात मला." त्या खुर्चीशिवाय ती सात महिन्यांत खाली आली नव्हती.

शेजारच्या गल्लीत तळमजल्यावर एक दीड खोलीचं घर विकायचं होतं. मागे चार पावलांचं अंगण, त्यात एक बाक. आसपासच्या बाकी सगळ्या तळमजल्यांवर दुकानं, भाड्यानं मिळेल असं काही नाही. मालकीण म्हातारी, मुलाकडे कायमची जायला निघालेली. मुलाच्या घराचं बांधकाम व्हायला अजून आठ महिने होते. तिची खालची कवळी मी तीनदा फुकट घासून दिली होती, त्यामुळे तिचा माझ्यावर लोभ. ती म्हणाली, "तोवर मी थांबते. तुमच्या बायकोला त्या बाकावर बसलेली बघूनच जाईन." निम्म्याहून जास्त पैसे आमच्याकडे साठलेले होते. उरलेल्यासाठी बँक.

आता बायकोबद्दल सांगायला हवं. तिनं सव्वीस वर्षं एका छापखान्यात प्रुफं तपासली. छापखान्यात तिला 'चाळणी' म्हणायचे, कारण तिच्या हातून एकही चूक पुढे सरकायची नाही. आजारी पडल्यावर नोकरी सुटली, पण सवय सुटली नाही. औषधाच्या बाटलीबरोबर येणारी घडीची चिठ्ठीसुद्धा ती लाल पेन्सिल घेऊन वाचायची.

मी माहितीपत्रकं तिच्यापुढे टाकली. तिनं उशी पाठीशी घेतली, भिंग काढलं, आणि दोन दिवस तिच्या चेहऱ्यावर असा काही रंग होता की मला वाटलं, हिला औषधांऐवजी रोज असे कागद आणून द्यावेत.

"हे पहिलं 'कायमचं मोफत'," ती म्हणाली. "चौदावी ओळ बघा. दुसऱ्या वर्षापासून फी. कायमचं म्हणजे यांच्याकडे बारा महिने."

"आणि ते दुसरं? त्याच्यावर पॉइंट मिळतात म्हणे."

"मिळतात ना. खूप खर्च केलात की आणखी खर्च करायला पॉइंट मिळतात. आणि बिल एक दिवस चुकलं तर व्याज किती ते इतक्या बारीक टायपात छापलंय, छापखान्यात आमच्याकडे तो टाइप मुंग्यांसाठी ठेवलेला असायचा."

तिसरं कार्ड दिसायला अगदीच साधं होतं. बक्षीस नाही, पॉइंट नाहीत. वर्षाची थोडी फी, ती पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात. आणि दर महिन्याचा व्यवहार पत नोंदवणाऱ्या कंपन्यांना कळवला जाईल, हे स्वच्छ लिहिलेलं.

"हे घ्या," ती म्हणाली. "यात खोटं काही नाही. एक स्वल्पविराम जास्त आहे, तेवढा चालेल."

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग मी जे केलं ते सांगताना आजही माझी जीभ जड होते.

मी ठरवलं, कार्ड हिच्या नावावर घ्यायचं. घराचा भाडेकरार माझ्या नावावर, विजेचं बिल माझ्या नावावर, फोनसुद्धा. सव्वीस वर्षं तिनं हजारो लोकांची नावं तपासून बिनचूक छापून घेतली, पण तिचं स्वतःचं नाव कधी कुठल्या पानावर आलं नाही. लेखकाचं येतं, प्रकाशकाचं येतं, छापखान्याचं येतं. प्रुफं बघणारीचं कोण छापतो? मी बँकेतल्या मुलीकडे नमुन्याचं कार्ड पाहिलं होतं. त्यावर नावाची अक्षरं उठावाची होती, बोटांना लागणारी. मला वाटलं, तिचं नाव असं एकदा तरी यावं. घराचं कर्जही मग तिच्याच नावावर होईल, माझी कमाई सोबत दाखवता येईल, घरही तिचं होईल. मी जेवताना हे तिला सांगितलं. तोंडातला घास तसाच ठेवून माझ्याकडे बघत ती ऐकत होती.

मग म्हणाली, "नको. तुमच्या नावावर घ्या."

"का?"

"पुढे घराच्या वेळी कुणी तपासणीबिपासणी मागितली तर?"

"कसली तपासणी? कार्ड घेतोय आपण, लग्न जमवत नाहीये!"

"अहो, माझं काय धरून चालता? पुढच्या वर्षाचं..."

मी तिला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. ताट सारलं आणि उठलो. ओरडलो. नको नको ते बोललो, तुला बरंच व्हायचं नाहीये इथपर्यंत. खरं सांगायचं तर मला घाम फुटला होता. ते वाक्य कुठे जाऊन संपणार हे मला कळत होतं आणि मला ते माझ्या घरात, माझ्या जेवणाच्या वेळी ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एकट्यानं फॉर्म भरला, तिच्या नावानं. तिच्या नावावर ठेव केली. तिनं खाली सही केली.

तीन आठवड्यांनी कार्ड आलं. तिनं ते उन्हात धरलं आणि नावावरून अंगठा फिरवला, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, आणि पुन्हा उलटा. मी विचारलं, "काही चूक?"

"नाही," ती म्हणाली. "सगळं बरोबर आहे." आणि इतकं हसली की तिला खोकला आला.

मी जिंकल्याच्या थाटात कामाला गेलो.

पुढचे सहा महिने ते कार्ड आमच्या घरातलं तान्हं बाळ होतं. दर महिन्याला औषधं त्याच्यावर घ्यायची, आणि औषधांखेरीज एक वस्तू नव्या घराची. मर्यादेच्या एक तृतीयांशापुढे जायचं नाही, हा तिचा नियम. ती फोनवरून ऑर्डर द्यायची आणि कार्डाचे आकडे असे वाचायची, जणू एखाद्या मोठ्या ऑफिसची साहेबीण. पहिल्या महिन्यात पायपुसणं आलं. मग कपडे वाळत घालायची दोरी, झाडांना पाणी घालायची झारी, दाराची घंटा. झारी तिसऱ्या मजल्यावर कुठे ठेवायची हा प्रश्न होता. शेवटी पलंगाखाली गेली.

मी आपला उतावळा. पहिल्या महिन्यात औषधं आली त्याच संध्याकाळी बँकेत पैसे भरून आलो. मुलीनं कपाळाला हात लावला. "काका, बिल तरी येऊ द्या! बिलच शून्य आलं तर तुम्ही वापरता हे दिसणार कसं?" मी घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "तुम्हाला चोवीस तास कुणाचं देणं सोसत नाही. त्या बिचाऱ्या बँकेला जरा वाट बघू द्या." मग आम्ही बिल येईपर्यंत थांबायला लागलो. ते पंधरा-वीस दिवस मला अन्न गोड लागायचं नाही.

ती मात्र दर महिन्याला आलेलं बिल ओळ न् ओळ तपासायची, खाली लाल पेन्सिलनं तारीख घालायची, मगच मी पैसे भरायचे. या सहा महिन्यांत ती आणखी वाळली. आधी खिडकीपर्यंत स्वतः जायची. नंतर माझा हात धरून. नंतर खिडकीतून मी सांगायचो की खाली काय चाललंय.

सातव्या महिन्यात बँकेतल्या मुलीनं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे फिरवला. "सातशे एक्केचाळीस! पहिल्याच कार्डावर! काकूंना माझा नमस्कार सांगा." मी पेढेवाटपाच्या आनंदात घराच्या कर्जाचा अर्ज केला. मालकीणबाईंना कळवलं. त्यांनी सामान बांधायला घेतलं.

आठवड्यानं फोन आला. कर्जाबरोबर मुख्य कर्जदाराचा विमा लागतो. विम्यासाठी वैद्यकीय तपासणी.

"मग मला तपासा ना," मी म्हणालो. "मी धडधाकट आहे. पैसेही मीच फेडणार आहे."

"काका, स्कोअर काकूंच्या नावावर आहे. ज्याचा स्कोअर, तोच मुख्य कर्जदार." मुलीचा आवाज लहान झाला. "तुमच्या नावावर तर अजून... काहीच नाहीये."

विम्याचा डॉक्टर चोपन्न पायऱ्या चढून आला तेव्हा त्यालाच धाप लागली होती. बायको त्याला म्हणाली, "बसा, पाणी घ्या. आधी तुम्हाला तपासायला हवं." तो हसला. मग यंत्राच्या तारा तिच्या छातीला लावल्या आणि कागदावर उमटणाऱ्या रेघांकडे बघता बघता त्याचं हसू गेलं. त्यानं औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो काढले. जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

नकाराचं पत्र दोन ओळींचं होतं. ते मी तिला दाखवलं नाही. मी आणखी दोन बँकांत गेलो. तिथेही तेच ऐकलं. माझ्या नावानं विचारलं की हिस्टरी नाही, तिच्या नावानं विचारलं की विमा नाही. मालकीणबाईंकडे गेलो आणि अजून सहा महिने मागितले. त्या रडल्या. मुलाच्या घराचे पैसे याच घरातून जायचे होते, त्यांचा नाइलाज होता. पंधरा दिवसांत घर एका दुकानदारानं गोदामासाठी घेतलं.

त्या दिवशी दुपारीच काम टाकून घरी गेलो. हातातली एक कवळी अर्धवट मेणात होती, ती तशीच ठेवली. पायऱ्या चढताना कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो. दारात पोचलो आणि उगीच चपला काढत राहिलो.

ती म्हणाली, "विम्यावर अडलं ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"घराच्या कर्जाचं माहितीपत्रक तुम्ही त्या तीन पत्रकांबरोबरच आणलं होतं. पान चार."

म्हणजे आठ महिन्यांपूर्वीच तिनं वाचलं होतं. मी तिच्या पलंगाच्या कडेला बसलो. "मग बोलली का नाहीस?"

"बोलायला लागले होते. तुम्ही ताट सारून उठलात."

ती हे रागानं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. मी तोंडाला हात लावून बसलो. या घरात कुठलीही चूक तिच्या नजरेतून सुटत नाही, आणि ती दाखवत असताना मीच आरडाओरडा करून तिचं तोंड बंद केलं होतं. प्रेमानं केलं, हे मला ठाऊक आहे. पण त्या प्रेमानंच तिला तिसऱ्या मजल्यावर कोंडून ठेवलं.

"नंतर तरी सांगायचंस," मी म्हणालो. "शांत झाल्यावर. माझे पाय धरून सांगायचंस. मला मारून सांगायचंस."

ती बराच वेळ चादरीची कड सरळ करत राहिली.

"सांगणार होते. फॉर्मवर सही करायच्या दिवशीच सांगणार होते. पण तुम्हाला इतकं हवं होतं ना, माझं नाव त्याच्यावर. आणि मलाही हवं होतं. मलाही ते एकदा बघायचं होतं. वाटलं, तोवर बरी होईन. तपासणीत होईन पास. कुणी कुणी होतं ना?"

मी तिचं डोकं छातीशी धरलं आणि मोठ्यानं रडलो. छप्पन्न वर्षांचा माणूस, खिडकी उघडी, खाली ऐकू गेलं असेल तर गेलं. ती माझ्या पाठीवर थोपटत होती. खरं तर रडायला हवं होतं तिनं, पण आमच्या घरात हे काम माझ्याकडेच आलं.

आठवडाभरानं मी नवा फॉर्म आणला. तेच साधं कार्ड, या वेळी माझ्या नावानं. सहा महिने जातील, जाऊ देत. कुठेतरी दुसरा तळमजला निघेलच. हे सगळं मी तिला फार उत्साहानं सांगितलं. तिनं मान डोलावली आणि फॉर्म मागून घेतला. "तुमचं अक्षर कॉम्प्युटरला लागायचं नाही," म्हणाली. "मी भरते."

तिनं तासभर लावला. मधे दोनदा पेन खाली ठेवून श्वास घेतला. माझं नाव, माझी जन्मतारीख, माझा धंदा, ठेवीची रक्कम. सगळं एकेका चौकोनात सुबक बसवलं. मग फॉर्म माझ्याकडे देऊन म्हणाली, "खाली सही करा."

आयुष्यात मी कधी सहीच्या आधी कागद वाचला नव्हता. या वेळी वाचला. पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून. अकराव्या ओळीवर बोट थांबलं. 'कुटुंबातील व्यक्तीसाठी सोबत जादा कार्ड हवे आहे काय?' पुढे दोन चौकोन होते, होय आणि नाही. तिनं 'नाही'वर खूण केली होती.

"इथे चुकलंय तुझं," मी म्हणालो.

"कुठे?"

मी फॉर्म तिच्यापुढे धरला. तिनं भिंग घेतलं आणि ती ओळ वाचली. घाई न करता वाचली. छापखान्यात शेवटचं प्रूफ वाचायची तशी, शब्दाशब्दावर थांबत.

"नाही," ती म्हणाली. "बरोबर आहे ते."

मला ओरडायचं होतं. ती माझ्याकडे बघत होती, मी या वेळी तिला बोलू देतो का ते बघत होती.

मी पेन घेतलं आणि तिनं सांगितलं होतं तिथे, खाली, सही केली.